आवाजासकट

माझं काम नक्की काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. ठाण्याला कुणी विचारलं की त्या सरळ सांगायच्या, "सुनंदा सिंगापूरहून मुली अमेरिकेला पाठवते." ऐकणाऱ्याच्या भुवया वर जायच्या. मग त्या घाईघाईनं जोडायच्या, "बॉल खेळायला हो!" त्यावर भुवया आणखी वर.

सासूबाईंचं काही चुकत नव्हतं. मी खरोखरच मुली अमेरिकेला पाठवत होते, बास्केटबॉल खेळायला. पुण्यात कॉलेजकडून खेळले, राज्याकडून खेळले, मग नवऱ्याच्या नोकरीमागे सिंगापूरला आले आणि आमच्या काँडोच्या, म्हणजे सोसायटीच्या, कोर्टवर शेजारच्या पोरी जमवून शिकवायला लागले. पुढे एका क्लबची मुलींची टीम माझ्याकडे आली. त्यातल्या दोघींना अमेरिकेतल्या कॉलेजांनी शिष्यवृत्ती देऊन नेलं, आणि तेव्हापासून आपापल्या लेकीचा हात धरून आईबाप माझ्या दारात उभे राहायला लागले.

हा धंदा बाहेरच्यांना सांगायचा तर सोपा आहे. तिकडच्या कॉलेजांत खेळाची टीम म्हणजे केवढं तरी मोठं प्रकरण असतं. तिथला कोच दरवर्षी नवे खेळाडू हुडकत असतो. पण सिंगापूरची एक मुलगी बघायला कुणी विमानात बसत नाही. म्हणून मी तिच्या सामन्यांची फिल्म कापून तयार करायची, ओळखीच्या-बिनओळखीच्या कोचना पाठवायची आणि मग वाट बघायची. कोच पहिलं अर्धं मिनिट बघतो. आवडलं तर पुढचं बघतो, फोन करतो, मुलीच्या स्वभावाबद्दल माझं पत्र मागतो. नाही आवडलं तर काहीच येत नाही. या कामात नकार असा येत नाही, नुसती शांतता येते. ती नकाराची आहे की उशिराची, हे ओळखण्यात माझे अर्धे केस पांढरे झाले.

गिऱ्हाइकं एकेक नग. इथल्या ईस्ट कोस्ट भागातल्या एका बापानं लेकीच्या दहावीच्या मार्कशीट पुढे ठेवल्या आणि विचारलं, "कट-ऑफ किती जातो?" त्याला वाटलं, इंजिनिअरिंगसारखी यादी लागते. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात काम करणारी एक आई मुलीच्या हाताचा एक्स-रे घेऊन आली. हाडं अजून मिटलेली नाहीत, म्हणजे पोरगी आणखी दोन इंच वाढणार, हे कोचना लेखी कळवा, असा तिचा आग्रह. सगळ्यांना एकच धास्ती, उंचीची. आणि ती धास्ती मीही वाढवली, हे कबूल करायला हवं.

तन्वीचं सांगते. सेरंगूनला राहायची, माझ्या टीमची पॉइंट गार्ड. तीन कॉलेजांनी तिची फिल्म बघून फोन केले, माझं पत्र मागितलं, आणि पत्र गेल्यावर तिन्हीकडे शांतता. तन्वीनं विचारलं, "मावशी, काय कमी पडलं?" मला माहीत नव्हतं. पण माहीत नाही म्हणायची मला सवय नाही. मी म्हटलं, "उंची, बाळा." त्या उत्तरावर कुणाला अपील करता येत नाही, म्हणून ते सोयीचं. तन्वीनं घरातल्या दाराच्या चौकटीत लोखंडी दांडी बसवून घेतली आणि वर्षभर रोज सकाळ-संध्याकाळ तिला लोंबकळायची. अठरा वर्षांची मुलगी! तिच्या आईनं मला फोटो पाठवला होता. आम्ही दोघी हसलो होतो. मग ती मंडळी पुण्याला परत गेली आणि तन्वीचं खेळणं सुटलं.

आता पॉइंट गार्ड म्हणजे काय, ते सांगते. आपल्याकडे लग्नघरात एक आत्या असते बघा. ती वधूची आई नसते, तिला कुणी नेमलेलं नसतं, पण भटजींना फुलं मिळाली का, वराकडचे जेवले का, फोटोवाला कुठे उलथलाय, हे सगळं तिला ठाऊक असतं आणि ती भर मांडवात कुणालाही हाक मारून कामाला लावते. बास्केटबॉलमध्ये पाच जणींतली ही आत्या म्हणजे पॉइंट गार्ड. चेंडू तिच्याच हातातून पुढे जातो, कुणी कुठे उभं राहायचं हे तीच सांगते. कॉलेजात नव्यानं आलेली उंच मुलगी वर्षभर बाकावर बसून शिकली तरी चालतं. नव्या पॉइंट गार्डला ती चैन नाही. अठराव्या वर्षी जाऊन बावीस वर्षांच्या मुलींना पहिल्या दिवसापासून सांगावं लागतं, तू चुकीच्या जागी आहेस, सरक. म्हणून तिची निवड करताना कोच सगळ्यात जास्त चिकित्सा करतात. हे मला पाठ होतं. मी ते पालकांना फळ्यावर काढून समजवायची. तरीही व्हायचं ते झालंच.

रेवा माझ्याकडे नऊ वर्षांची असताना आली. बाप निखिल, मूळचा पुण्याचा, इथे एका आयटी कंपनीत मॅनेजर. पोरगी इतकी अबोल की पहिले दोन महिने मला तिचा आवाजच माहीत नव्हता. पण चेंडू हातात आला की तिला पुढचं दिसायचं. एखादी मुलगी मोकळी होण्याआधीच रेवाचा पास तिथे जाऊन पोचलेला असायचा. मी तीस वर्षं खेळ बघत होते, अशी नजर दुसरी बघितली नाही.

बोलायची मात्र नाही. बोललीच तर थोडं मराठी आणि थोडं इथलं, शेवटी 'लाह' लावलेलं इंग्रजी. टीममध्ये बहुतेक चिनी मुली, काही तिच्याहून मोठ्या. इथे मोठ्या मुलीला नावापुढे जिये लावतात, जिये म्हणजे ताई. आमची सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारी सगळ्यात उंच मुलगी, हुई मिन, युनिव्हर्सिटीत शिकणारी. रेवा तिला "हुई मिन जिये" म्हणायची आणि पुढे काहीच म्हणायची नाही. जिये चुकीच्या जागी असली तर जाऊन तिच्या कोपराला हलकेच हात लावायची. मला त्याचं भारी कौतुक. मी तिच्यासाठी हाताच्या खुणाच ठरवून दिल्या. मूठ म्हणजे हे, दोन बोटं म्हणजे ते. मुकी टीम जिंकतेय म्हणून मीच मिरवत होते.

गेल्या वर्षी रेवाचं शाळेचं शेवटचं वर्ष. अमेरिकेतल्या एका लहान कॉलेजच्या कोच, कॅरन नावाच्या बाई, तिच्या फिल्मवर खूश झाल्या. त्यांची पॉइंट गार्ड पास होऊन जाणार होती, जागा एकच, आणि दुसरी उमेदवार ऑस्ट्रेलियाची. त्याच सुमारास निखिलच्या कंपनीनं त्याचा विभाग बंद करायचं ठरवलं. नोकरी गेली की एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला, आणि पास गेला की घरदार गुंडाळून परत. जूनमध्ये ते पुण्याला जाणार हे ठरलंच. कॉलेजची जागा मिळाली तर रेवा इथून थेट अमेरिकेला जाणार होती. नाही मिळाली तर पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश, आणि खेळ संपला. बाप तसं स्पष्ट म्हणाला होता. त्याचंही बरोबर होतं, नोकरी नसलेला माणूस आणखी काय म्हणणार?

कॅरनबाईंनी माझं पत्र मागितलं. मी दोन दिवस खपून लिहिलं. माझं इंग्रजी शाळेतलं, पण भावना ओतून लिहिलं. रेवा शांत आहे. अत्यंत आज्ञाधारक आहे. मोठ्यांसमोर ती कधी आवाज चढवत नाही. नऊ वर्षांत तिनं माझ्या एकाही निर्णयावर प्रश्न विचारलेला नाही.

आम्ही शाळेत मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहायचो, त्याखाली "आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी" असं लिहून सही करायची पद्धत होती. मुलीच्या अंगी याहून मोठा गुण असतो, असं मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी पत्र निखिलला फोनवर वाचून दाखवलं. त्याचा आवाज भरून आला. "ताई, फार छान लिहिलंत. संस्कार दिसतात त्यातून."

पत्र गेलं आणि शांतता सुरू झाली. एक आठवडा, मग दुसरा. मी रोज सकाळी उठून आधी मेल बघायची, मग चहा टाकायची. बुधवारी सकाळी सातला कॅरनबाईंचाच फोन आला. त्यांच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ.

"तुमचं पत्र मी तीनदा वाचलं," त्या म्हणाल्या. "मला अशी मुलगी हवीय, जी माझ्या सीनियर मुलींना सांगेल की तुम्ही चुकताय. वेळ आली तर मलाही सांगेल. तुम्ही लिहिलंय की ती हे करूच शकत नाही. तिला सगळ्यात जास्त ओळखणारं माणूस तुम्ही. मी काय समजू?"

 मी म्हणाले, आज्ञाधारक हा आमच्याकडे कौतुकाचा शब्द आहे. त्या म्हणाल्या, असेल. मग जरा थांबून म्हणाल्या, "मी सोमवारी ठरवणार आहे. मला एक पूर्ण सामना पाठवा. न कापलेला. आणि आवाजासकट. तुमच्या सगळ्या फिल्मवर नुसतं संगीतच असतं."

खरं होतं ते. आवाज काढून वर ढिनच्याक संगीत घालायची माझी पद्धत होती. मुक्या टीमची फिल्म आणखी कशी करणार?

हाताशी सामना एकच, रविवारी दुपारचा, एका क्लब स्पर्धेची सेमीफायनल. मध्ये गुरुवार आणि शनिवारचा सराव. मी रेवाला बाजूला घेतलं. पत्राचं सांगितलं नाही. लाज वाटली, साधी गोष्ट आहे. एवढंच म्हटलं की कोचना तुझा आवाज ऐकायचाय, आजपासून कोर्टवर ओरडायचं.

"हो मावशी," रेवा म्हणाली.

आणि ती ओरडायला लागली. कशी म्हणाल, तर वर्गात उभं राहून धडा वाचल्यासारखी. "स्विच. स्विच. हेल्प लेफ्ट." मुली खेळायच्या थांबून तिच्याकडे बघायला लागल्या. मी कपाळाला हात लावला. माझ्या सांगण्यावरून ओरडणारी मुलगी म्हणजे पुन्हा आज्ञाधारकच की! त्यातून सुटका कशी करायची, हे मला सुचेना. शनिवारी निखिल एक छापलेला कागद घेऊन आला. त्यावर ओरडायची वीस वाक्यं, क्रमांक घालून. "तिला पाठ करायला सांगितलीत," तो म्हणाला. मी त्याच्यावर असे डोळे वटारले की त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली. पण रेवाची पाठ होऊन गेली होती.

रविवारी कॅमेरा कुठे लावायचा, हे मीच ठरवलं. नेहमी वर गॅलरीत लावायचो. त्या दिवशी तिवई आमच्या बाकाच्या मागेच उभी केली, म्हणजे टाइमआउटमध्ये मुली गोळा झाल्या की रेवाचा शब्दन् शब्द नीट ऐकू यावा. निखिल कॅमेऱ्यापाशी उभा. घामानं त्याचा शर्ट सामना सुरू व्हायच्या आधीच भिजला होता.

पहिला अर्धा भाग वाया गेला. रेवा पाठ केलेली वाक्यं ओरडत होती. समोर काय चाललंय, याकडे अर्धं लक्ष आणि पुढचं वाक्य कुठलं, याकडे अर्धं. तिची ती नजरच हरवली. तिच्या हातून चेंडू निसटला, लागोपाठ दोनदा. आम्ही अकरा गुणांनी मागे. हाफटाइमला ती टॉवेल डोक्यावर घेऊन बसली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. शेवटी म्हटलं, "ते ओरडणं राहू दे. तू खेळ."

"ओके, आंटी," तिनं टॉवेलातूनच उत्तर दिलं. मी मनात म्हटलं, गेली जागा. निदान तिचा शेवटचा सामना तरी नीट होऊ दे.

मग ती खेळली. मुकाट्यानं, मूठ आणि बोटं दाखवत, कोपरांना हात लावत. अंतर कमी होत गेलं. चौथ्या भागात शेवटचं अर्धं मिनिट उरलं तेव्हा आम्ही फक्त दोन गुणांनी मागे, चेंडू आमच्याकडे. मी टाइमआउट घेतला. मुली बाकाशी जमल्या, घामाचा वास, वरून पंख्यांची घरघर. मी फळीवर खडाखडा आकृती काढली. चेंडू आत हुई मिनला द्यायचा, तिनं डाव्या पायावर वळून उडी मारून टाकायचा. वर्षभर घोटलेली चाल. मी म्हटलं, "समजलं?" सगळ्यांनी माना डोलावल्या.

रेवानं डोलावली नाही. ती फळीकडे बघत होती. मग म्हणाली, "नो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"नो, कोच. हुई मिन कॅनॉट. तिचा डावा गुडघा गेलाय. हाफटाइमनंतर ती डाव्या पायावर उतरतच नाहीये. यू नेव्हर सी, इज इट?"

हुई मिन घाईनं म्हणाली, "आय कॅन, आय कॅन."

"यू कॅनॉट. सिट डाउन," रेवा म्हणाली. जिये नाही, काही नाही.

माझं डोकं सणकलं. पत्र, कॉलेज, कॅरनबाई, सगळं विसरले. मला नुसतं एवढंच दिसलं की शेवटच्या अर्ध्या मिनिटात एक पोरगी सगळ्यांसमोर मला नाही म्हणतेय. "रेवा, मी सांगते तसं करायचं," मी म्हणाले. मराठीतच म्हणाले.

"नाही, मावशी. तिला लागेल."

मागून निखिलचा आवाज आला. कॅमेऱ्याला अगदी खेटून, दबका पण स्पष्ट. "रेवा! मावशींशी असं बोलतात का?"

ती मागे वळलीसुद्धा नाही. "बाबा, थांबा!" म्हणाली, आणि माझ्या हातातून मार्कर घेतला. माझी आकृती हातानं पुसली. दोन रेघा काढल्या. मी आत घुसते, दोघी माझ्यावर येतील, तू कोपऱ्यात जा आणि हात तयार ठेव. तू हिला अडवणारीच्या वाटेत उभी राहा. आवाज चढलेला, घाईचा, एकही वाक्य त्या विसातलं नव्हतं. मुली तिच्याकडे बघत होत्या, माझ्याकडे कुणीच नाही. पंचांची शिट्टी वाजली. मी हुई मिनच्या खांद्याला धरून तिला बाकावर बसवलं. बसताना तिनं डावा पाय सरळ ठेवला, आणि मला तो गुडघा दिसला. सुजून केवढा तरी झालेला. बाक माझा, टीम माझी, आणि मला दिसला नव्हता.

रेवा आत घुसली, दोघी तिच्यावर आल्या, तिनं न बघता पास कोपऱ्यात टाकला. कोपऱ्यातली मुलगी पूर्ण मोकळी. तिनं चेंडू सोडला. तो कडीवर दोनदा नाचला आणि बाहेर पडला. आम्ही दोन गुणांनी हरलो.

संध्याकाळी पाचला निखिल आणि रेवा माझ्या घरी होते. फिल्म त्या दिवशीच पाठवायची होती. हुई मिनला तिचे आईवडील डॉक्टरकडे घेऊन गेले होते. मी कांदेपोहे केले, ते कुणी खाईना. निखिल लॅपटॉपसमोर बसला, टाइमआउटची ती चाळीस सेकंदं त्यानं तीनदा ऐकली आणि माझ्याकडे वळला.

"ताई, हरलो ते हरलो. पण हे असं बोलणं ऐकून कोण घेईल तिला? कोचला उलट बोलली, बापाला उलट बोलली. तेवढा तुकडा काढून टाकू या ना. तुमच्या हातचं काम आहे. कुणाला कळणारही नाही."

खरंच कळलं नसतं. टाइमआउट कापणं म्हणजे माझ्यासाठी भाजी चिरण्यापैकी. आणि मलाही तो तुकडा नकोच होता. त्यात दुखावलेल्या मुलीला उडी मारायला लावणारी एक आंधळी कोच होती, आणि तिचं नाव खाली माझ्या सहीत असणार होतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणा मुलीसाठी याच बाईंना मी कुठल्या तोंडानं लिहिणार? मी माउसवर हात ठेवून बसले होते. कापायचं बटण कुठे आहे, हे बघायचीही गरज नव्हती.

रेवा खाली मान घालून म्हणाली, "सॉरी, मावशी. सगळ्यांसमोर बोलले."

ते सॉरी मला सहन झालं नाही. मी उठले, पत्राची प्रत काढली आणि तिच्यापुढे ठेवली. "हे वाच. कोचना तुझा आवाज का ऐकायचाय ते यात आहे. चूक माझी आहे, मी तुझ्यापासून लपवली."

तिनं पत्र वाचलं. निखिल माझ्याकडे बघत राहिला. पत्र ऐकून त्याचाच आवाज भरून आला होता.

"आज्ञाधारक," मी म्हटलं, "आमच्या वेळी हे फार चांगलं समजायचे."

रेवानं एका ओळीवर बोट ठेवलं. नऊ वर्षांत एकही प्रश्न विचारलेला नाही, त्या ओळीवर. "पण हे खरं नाही, आंटी. आय डू क्वेश्चन. एव्हरी टाइम. तुम्ही चाल सांगितलीत की दर वेळी मी विचारायचे. जस्ट नॉट आउट लाउड, लाह."

नऊ वर्षं! मला वाटत होतं तिला बोलायचंच नसतं. तिला बोलायचं होतं, आणि मी तिला खुणा शिकवत बसले.

मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला आणि सामना होता तसा पाठवून दिला. निखिलनं डोळे मिटून घेतले. सोबत मी फक्त दोन ओळी लिहिल्या. गुडघ्याबद्दल ती बरोबर होती, मी चूक होते. आधीचं पत्र रद्द समजावं.

सोमवार गेला, फोन नाही. मंगळवारीही नाही. निखिलनं पुण्याच्या कॉलेजचा फॉर्म भरायला घेतला. बुधवारी सकाळी सातला फोन वाजला आणि चहाचं आधण गॅसवर टाकून मी तो उचलला.

"एक विचारायचंय," कॅरनबाई म्हणाल्या. "तो कॅमेऱ्यामागचा माणूस तुमच्या भाषेत काय म्हणाला?"

मी सांगितलं. तो तिचा बाप. म्हणाला, कोचशी असं बोलतात का?

"आणि ती?"

"ती म्हणाली, बाबा, थांबा."

पलीकडे बराच वेळ शांतता. ही शांतता कसली, हे मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.

"तिचा डावा हात कच्चा आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षी ती कदाचित बाकावरच बसेल, आणि माझ्या सीनियर तिला फाडून खातील. हे तिला आत्ताच सांगा, नंतर रडारड नको. पण असं बोलणारी मुलगी मला हवीय. कागद पाठवते."

मी निखिलला फोन लावला. जागा मिळाल्याचं त्यानं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाला, "ताई, तो तुकडा मी कापायला सांगत होतो." मी म्हटलं, "मीही कापणारच होते."

ऑगस्टमध्ये आम्ही तिला पोचवायला विमानतळावर गेलो. जूनपासून ती माझ्याकडेच राहत होती; निखिल आणि बायको त्यासाठी पुण्याहून आले होते. हुई मिन काठी टेकत आली होती. रेवानं वाकून मला नमस्कार केला, उठली आणि म्हणाली, "मावशी, ते पत्र तुम्ही अजून कुणासाठी लिहिलं होतं?"

मी म्हटलं, कुणासाठी नाही. ती नुसती बघत राहिली. नऊ वर्षं ती असंच मनातल्या मनात विचारत असणार.

मग मी खरं सांगितलं. तिच्या फिल्मचा निकाल लागल्यावर मी जुन्या फाइली उघडल्या होत्या. तन्वीची तीन पत्रं निघाली. शांत, आज्ञाधारक, कधी प्रश्न विचारत नाही. शब्द तेच. नाव तेवढं बदललेलं.

"तिला सांगा," रेवा म्हणाली.

"अगं, आता काय उपयोग? तीन वर्षं झाली. नोकरीला लागली ती."

"नाही, मावशी. तिला कळायला हवं. तुम्ही सांगायचं." आणि ट्रॉली ढकलत ती आत गेली.

त्यानंतर मी तन्वीचा नंबर कितीदा तरी काढला आणि फोन खाली ठेवला. सराव घेणं आता सोडलंय, सबब सांगायला काम उरलेलं नाही. मग या दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, कामाच्या आठवणी लिहा म्हणून. तन्वीच्या आईकडे हा अंक दरवर्षी येतो, हे मला माहीत आहे. माझ्याशी अंकांची अदलाबदल करायची ती.

तन्वी, ती दांडी काढून टाकली असशील तर बरंच केलंस. तुझी उंची पुरेशी होती.